वळणावर झुकणारी मोटरहोम

प्रश्न : आमची मोटरहोम वळणावर फार झुकते, शेजारून ट्रक गेला की डोलते. जाड अँटी-स्वे बार बसवावा का?

उत्तर : घाई करू नका, आधी जुना बार तपासा. हा पोलादी दांडा डाव्या-उजव्या चाकांना जोडतो; वळणावर एक बाजू दबली की पीळ खाऊन झुकाव रोखतो. मात्र त्याचे रबरी बुश झिजले, की दांडा आधी मोकळाच हलतो आणि उशिरा काम करतो. तोवर गाडी झुकलेली असते.

सपाट जागी चाकांना दगड लावून बुशजवळ पहारीने दांडा हलवून पाहा. ‘खट्’ आवाज आला किंवा रबराला भेगा दिसल्या, तर दोन्ही बाजूंचे बुश आणि दांड्याची टोकं जोडणाऱ्या लिंक एकदमच बदला. बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचं वजन चाकांवर असू द्या. शॉकअ‍ॅब्सॉर्बरवर तेल ओघळलंय का, स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट सैल आहेत का, तेही पाहा. जड सामान खाली ठेवा. पाण्याचाही भार धरा: 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो वजन. टायरची हवा प्रत्यक्ष वजनानुसार भरा.

एवढं करूनही झुकाव राहिला, तरच जाड बार घ्या. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.