कुंडीतलं कारलं

होळी जवळ आली की मला अंगणाची घाई सुटते. तुमच्याकडेही तसंच असेल. मेथी-कोथिंबीर फुलावर येऊन निबर झालेली, कडुनिंबाचा पाला अंगणभर. आपल्या अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. त्याआधी वेल मांडवावर चढायचे तर काकडी, दोडकी, कारली आत्ताच लावायला हवीत. आणि सवड? एक रविवार. त्यातच मुलाची परीक्षा, गणवेशाची इस्त्री, आठवड्याची भाजी.

त्या रविवारी खुरपं घेऊन सुटलेच. मोगरा छाटला, आळी उकरून शेणखत घातलं, तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्या खुडल्या. कोपऱ्यात एक कुंडी नुसत्याच मातीची. ती घमेल्यात ओतली, माती खतात कालवली आणि कुंडीत मिरचीची रोपं लावून मोकळी झाले.

कुंडी रिकामी नव्हती. माझ्या सात वर्षांच्या मुलानं दहा दिवसांपूर्वी तीत पिकल्या कारल्याच्या चार बिया पेरल्या होत्या. मला सांगितलंही होतं. मी तेव्हा डबा भरत होते. "हो का, छान," म्हणाले होते.

हे "हो का, छान" आपल्या सगळ्यांचंच, नाही का? कान तिकडे, मन घड्याळाकडे.

तो खेळून आला. रडला नाही. "काहून वं आई?" एवढंच. मग घमेल्यापाशी उकिडवा बसून माती बोटांनी चाळत राहिला. दिवेलागण झाली तरी उठेना, तेव्हा मीही शेजारी बसले. तीन बिया सापडल्या. दोन जशाच्या तशा. तिसरीचं टोक उकललेलं, त्यातून तांदळाच्या कणीएवढा पांढरा कोंब निघालेला, माझ्या खुरप्यानं मोडलेला. तो त्यानं तळहातावर घेतला. "हे जितं होतं न?"

"अरे, बाजारात पाकीट मिळतं," हे माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं.

सासूबाई म्हणाल्या, "कारल्याचं टरफल जाड. रातभर भिजू घालाव लागते. बी व्हय ते, उठन तवा उठन."

आता ती कुंडी त्याची. उरलेल्या दोन बिया रात्रभर भिजवून त्यानंच पुन्हा लावल्या. दिवसातून तीनदा तांब्या ओततो, चिखल करतो, माझा जीव खालीवर होतो. तो झोपला की कुंडीचं भोक बुजलं नाही ना, तेवढं मी गुपचूप बघून येते.

तुमच्याही लेकराला एक कुंडी देऊन बघा. कारल्याइतकी वाट बघायला लावणारं नको असेल तर मेथीचे दाणे टाका. तीन-चार दिवसांत वर येतात, तेवढाच धीर. दोडका लावलात तर आधीच सांगून ठेवा की पहिली फुलं बहुधा नर असतात, गळूनच जातात. फळ धरणाऱ्या फुलामागे बोटाच्या पेराएवढा दोडका आधीपासूनच असतो. नाहीतर फुलं गळताना बघून पोरगं समजतं, आपलंच काहीतरी चुकलं.

परीक्षा तोंडावर आणि हा मातीत, हे मलाही टोचतं. पण याच जिल्ह्यातल्या पापळचे भाऊसाहेब, डॉ. पंजाबराव देशमुख, १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं देशाचे कृषिमंत्री होते, आणि इथं माझा मुलगा परवापर्यंत विचारत होता, भुईमूग झाडाला कुठं लागतो!

काल सकाळी तो ओरडतच स्वयंपाकघरात आला. उगवलं! मी कणकेचे हात तसेच घेऊन धावले. ओल्या मातीला चिकटून बारीक, जाडसर पानांचा एक कोंब. कारल्याचा नव्हे. उन्हाळ्यात आपण जिची भाजी करतो ती चिवळ, बहुतेक शेणखतातून आलेली.

त्यानं त्याच्याभोवती खडे मांडलेत. मी अजून काही बोलले नाही.