श, ष, स : तीन घर्षक वर्ण

'ऋषींनी साप दिला' असं एका मुलाने वहीत लिहिलं आणि सगळा वर्ग हसला. चूक जिभेच्या जागेची होती, बुद्धीची नव्हे.

श, ष, स उच्चारताना हवा अरुंद फटीतून घासत बाहेर पडते, म्हणून हे घर्षक किंवा उष्मे. 'स' म्हणताना जीभ दातांजवळ असते, 'श' म्हणताना टाळूकडे वळते. साप–शाप, साल–शाल म्हणून पाहा.

'ष' मूर्धन्य, पण बोलताना तो बहुतेक 'श'सारखाच ऐकू येतो. मग ओळखायचा कसा? संस्कृतातून आलेल्या शब्दांत ट, ठ, ण यांच्या आधी जोडून 'ष' येतो : कष्ट, श्रेष्ठ, कृष्ण. पोस्ट, स्टेशन हे इंग्रजीतले, तिथे 'स'च.

मुलांकडून आधी जोड्या मोठ्याने म्हणवून घ्या, मगच लिहायला द्या. हसण्याची वेळच येणार नाही.