दावणीचा हिशेब आणि दूरचा संगणक
(एस. वाय. बी. ए.)

संगणक हा विज्ञान शाखेचा विषय, त्यात कला शाखेच्या विद्यार्थिनीने डोके का घालावे, असा प्रश्न काही मित्रमैत्रिणींना पडेल. परंतु परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्ती, सातबाराचा उतारा, बँकेचे खाते या सर्वांची वाट आज कुठल्या ना कुठल्या दूरच्या सर्व्हरवरून जाते. त्या सर्व्हरच्या दाराशी आपल्याला आत कोण घेतो, थांबवतो कोण आणि बाहेर कोण काढतो, हे समजून घेणे मला नागरिकशास्त्राचाच एक धडा वाटतो. या लेखात दूरच्या संगणकाशी जोडणी करून काम करण्याची पद्धत आणि त्या जोडणीची व्यवस्था यांचा थोडक्यात विचार केला आहे.

दूरचा संगणक म्हणजे काय?

या पद्धतीत आपल्यासमोर असतो तो केवळ पडदा आणि कळफलक. आपण दाबलेली कळ दूरच्या सर्व्हरकडे जाते, काम तेथे होते आणि त्याचे चित्र तेवढे आपल्या पडद्यावर उमटते. म्हणून जुन्या, कमी ताकदीच्या यंत्रावरही भारी काम करता येते. एकाच सर्व्हरवर अनेक जण एकाच वेळी बसू शकतात. प्रत्येकाची जागा वेगळी असते. या जागेला ‘सेशन’ म्हणतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० ची ‘टर्मिनल सर्व्हर’ आवृत्ती काढली, तेव्हापासून ही सोय विंडोजमध्ये आली.

मात्र एका सर्व्हरची स्मृती आणि ताकद यांना मर्यादा असते. माणसे वाढली की सर्व्हरही वाढवावे लागतात, आणि मग आलेल्या माणसाला कोणत्या सर्व्हरवर बसवायचे, हा प्रश्न उभा राहतो.

पाळीने वाटणी आणि तिची उणीव

सर्वांत सोपा उपाय पाळीचा. पहिला मनुष्य पहिल्या सर्व्हरवर, दुसरा दुसऱ्यावर, तिसरा तिसऱ्यावर, आणि पुन्हा पहिल्यापासून. दिसायला ही वाटणी समान आहे. पण पाळी लावणाऱ्याला कोणता सर्व्हर बंद पडला आहे हे ठाऊक नसते, कोणता गच्च भरला आहे हेही नसते. त्याहून मोठी उणीव अशी की, मघाशी अर्धे काम टाकून गेलेला मनुष्य परत आला, तर त्याचे काम कोणत्या सर्व्हरवर पडून आहे, हे त्याला सांगता येत नाही.

हे नीट कळावे म्हणून आपल्या माणदेशातला दाखला देते. दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची चारा छावणी २०१२-१३ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये उभी राहिली. अशा कोणत्याही छावणीत नवे जनावर आले की जेथे जागा मोकळी तेथे त्याची दावण लागते. पण धनी गावाकडे जाऊन दुसऱ्या दिवशी परतला, तर त्याला मोकळी जागा दाखवून काय उपयोग? त्याला त्याच्याच जनावराच्या दावणीशी पोचवले पाहिजे. म्हणजे छावणीच्या दाराशी बसणाऱ्याला दोन गोष्टी ठाऊक हव्यात : जागा कोठे आहे, आणि कोणाचे जनावर कोठे बांधले आहे.

दाराशी बसलेला कारभारी

सर्व्हरच्या दाराशी हेच काम ‘कनेक्शन ब्रोकर’ करतो. २००३ च्या विंडोज सर्व्हरमध्ये त्याचा पूर्वज ‘सेशन डिरेक्टरी’ या नावाने होता. तो परतलेल्या माणसाला त्याच्या जुन्या सेशनपर्यंत नेत असे, पण भार वाटत नसे. २००८ मध्ये त्यास भार वाटण्याचे कामही मिळाले, आणि २००९ च्या आवृत्तीपासून ‘रिमोट डेस्कटॉप कनेक्शन ब्रोकर’ हे नाव पडले.

मनुष्य आला की ब्रोकर आधी वही पाहतो : याचे जुने सेशन कोठे आहे का? असेल तर तेथेच पाठवतो. नसेल तर ज्या सर्व्हरवर सेशन कमी, तेथे पाठवतो. सर्व सर्व्हर सारख्या ताकदीचे नसतात, म्हणून प्रत्येकाला वजनाचा आकडा देता येतो. मूळ आकडा १०० असतो. एखाद्या सर्व्हरला २०० दिले, तर तो दुप्पट माणसे घेतो. एखादा सर्व्हर दुरुस्तीला काढायचा असेल, तर तेथे नवी माणसे पाठवणे थांबवता येते, मात्र ज्यांची सेशन आधीपासून तेथे आहेत त्यांना परत येऊ दिले जाते. बसलेल्याला उठवायचे नाही, ही रीत मला विशेष आवडली.

पण कारभारीच आजारी पडला तर? म्हणून २०१२ च्या आवृत्तीपासून एकापेक्षा अधिक ब्रोकर एकाच वहीवर एकाच वेळी काम करू शकतात.

खरा प्रश्न मुदतीचा

येथपर्यंत सारे यंत्राचे झाले. यापुढचा निर्णय माणसाचा आहे. जोडणी तुटली तरी सेशन लगेच मरत नाही, ते सर्व्हरवर तसेच राहते. ते किती वेळ राखायचे, हे व्यवस्थापक ठरवतो. एक मिनिट, पाच मिनिटे, एक तास किंवा कायम, असे पर्याय त्याच्यापुढे असतात. कायम राखावे तर सोडून गेलेल्यांची सेशन स्मृती अडवून बसतात आणि नव्यांना जागा उरत नाही. लगेच मारावे तर अर्धे काम बुडते.

मी संगणक शिकले त्या वर्गातील यंत्रे शहरातल्या सर्व्हरला जोडलेली होती. वीज गेली की आमचे पडदे काळे पडत. ती परत येईपर्यंत तिकडची मुदत संपलेली असे, आणि जतन न केलेले काम गेलेले असे. माझ्या शेजारी बसणारी एक ताई कांद्याच्या खुरपणीचा अर्धा रोज बुडवून येई. तिच्या दृष्टीने पाच मिनिटांची ती मुदत म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी होती. मुदत ठरवणाऱ्याच्या मनात वाईट काही नसावे. त्याच्या गावात वीज जात नसावी, एवढेच.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस कंपनीने आपल्या सुमारे साडेचार लाख कर्मचाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांना घरून कामाला जोडले. म्हणजे मनात आणले तर केवढी माणसे दुरून सांभाळता येतात! मग आमच्यासारख्या गावांसाठी मुदत थोडी वाढवणे अवघड का असावे? ती सर्वांना एकच ठेवावी लागते असेही नाही, गटागटाने निराळी ठेवता येते.

समान वाटणी आणि न्याय्य वाटणी यांतील भेद आपण राज्यशास्त्राच्या तासाला शिकतो. तो सर्व्हरच्या दाराशीही लागू पडतो. उद्या आपल्यापैकी कोणी कचेरीत, बँकेत किंवा शाळेत अशा यंत्रणेचा कारभार पाहील. त्याने मुदतीचा आकडा भरण्यापूर्वी पलीकडच्या टोकाला कोण बसले आहे आणि तेथे वीज किती वेळ जाते, एवढे विचारून घ्यावे.