औषधी मुळाची पारख

औषध ज्या वनस्पतीचें म्हणून दिलें जातें, तें तिचेंच असेल, तरच त्यावर विश्वास ठेवतां येतो. कोरियांतील जिनसेंग या वनस्पतीचें मूळ पूर्वापार औषधी मानलें जातें. तिच्याच कुळांतील दुसरी एक जाति अमेरिकेंत उगवते. उभें झुडूप पाहून जाणत्यास दोहोंतील भेद कळेल; परंतु मूळ वाळवून त्याची पूड केली, म्हणजे डोळ्यांचें कांहीं चालत नाहीं. मग पारख करावी कशी?

हिरव्या पानांत सूर्यप्रकाशाच्या साह्यानें अन्न तयार करणारे सूक्ष्म हरितकण असतात. त्यांत डी. एन. ए. नांवाच्या द्रव्यावर चार अक्षरांच्या लिपींत जणूं एक ग्रंथ लिहिलेला असतो, आणि त्याच्या अनेक प्रती असतात. जपानांतील नागोया येथील शास्त्रज्ञांनीं १९८६ सालीं तंबाखूचा असा संपूर्ण ग्रंथ वाचला. २००४ सालीं कोरियांतील संशोधकांनीं जिनसेंगचा वाचून प्रसिद्ध केला. त्यांत १,५६,३१८ अक्षरें भरलीं.

एवढा मजकूर सामान्यतः तुकड्यातुकड्यांनींच वाचावा लागतो. एका पोथीच्या अनेक प्रती निरनिराळ्या ठिकाणीं फाटल्या असतां, तुकड्यांतील समान ओळी जुळवून मूळ पोथी पुन्हां उभी करतां येते. शास्त्रज्ञही तसेंच करतात.

येथें चौकस विद्यार्थी विचारील कीं, मूळ तर हिरवें नसतें. मग त्यांत हा ग्रंथ कोठून? मुळाच्या पेशींत हरितकणांचीं रंगहीन भावंडें असतात, व त्यांतही तोच ग्रंथ असतो. तो पिढ्यान्‌पिढ्या फार सावकाश बदलतो. म्हणून एका जातींत तो बहुतांशीं सारखा राहतो, आणि दोन जातींत कांहीं ठराविक जागीं भेद पडतो. डी. एन. ए. शाबूत असल्यास तो भेद पुडींतही सांपडतो.

तथापि ही परीक्षा केवळ जाति सांगते. मूळ किती वर्षांचें, त्यांत गुणकारी द्रव्य किती, हें ती सांगत नाहीं. द्रव्याच्या मोजमापासाठीं रसायनशास्त्राचेंच साह्य घ्यावें लागतें.

आपल्याकडेही सीताअशोकाच्या सालींत खोट्या अशोकाची साल मिसळलेली आढळली आहे. रोगी बिचारा पुडी उघडून परीक्षा करीत नाहीं. तो विश्वासानें घेतो. त्या विश्वासास पात्र राहण्याचें साधन म्हणूनच या विद्येकडे पाहावें, असें आम्हांस वाटतें.