मदत कोणाची, फळ कोणाचे?

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर दोन नावे लिहिली : नेपाळ आणि भूतान. दोन्ही हिमालयाच्या कुशीतली छोटी राष्ट्रे, दोघांनाही परकीय मदतीचा आधार. नेपाळला १९५१ पासून अमेरिकेची मदत मिळू लागली. पुढे भारताने त्रिभुवन राजपथ बांधून दिला, चीनने काठमांडू-कोदारी रस्ता. देणारे अनेक आणि प्रत्येकाचा हेतू निराळा. भूतानची १९६१ ची पहिली पंचवार्षिक योजना मात्र सर्वस्वी भारताच्या पैशावर झाली. नंतर ३३६ मेगावॅटचा चुखा जलविद्युत प्रकल्प ६० टक्के अनुदान व ४० टक्के कर्ज या तत्त्वावर उभा राहिला, आणि त्याची वीज भारतालाच विकून भूतान पैसा मिळवू लागला.

घोडेगावी घरी आल्यावर मी हे आजीला सांगितले. १९७२ च्या दुष्काळात तिने रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती, सुकडी खाऊन दिवस काढले होते. चाऱ्यावाचून बैलजोडी आमच्याच गावच्या बाजारात मातीमोलाने विकावी लागली होती. ती म्हणाली, "सुकडीनं जीव वाचला, पण बैल काही परत आले नाहीत. कुणी किती दिलं ते सोड. देणारा गेल्यावर मागं काय राहिलं, ते लिही."

आजीची ही कसोटी मला पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा अधिक मोलाची वाटली. ती लावून पाहण्यासाठी हिमालयात जाण्याचे कारण नाही. आपल्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातच दोन गावे आहेत : संगमनेर तालुक्यातले दरेवाडी आणि नगर तालुक्यातले हिवरे बाजार. दोन्ही पर्जन्यछायेतली, दोन्हींच्या टेकड्या एके काळी उघड्याबोडक्या. एकाला परदेशाचा पैसा मिळाला, दुसऱ्याला आपल्याच सरकारचा.

दरेवाडीचे काम १९९६ ते २००१ या काळात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून झाले. या कार्यक्रमामागे स्विस जेझुइट धर्मगुरू हर्मन बाखर यांची प्रेरणा होती. पैसा जर्मनीचा, तो 'नाबार्ड'मार्फत येई, आणि गावाला तयार करण्याचे काम 'वॉटर' ही १९९३ साली स्थापन झालेली संस्था करी. परंतु पैसा एकदम हाती पडत नसे. आधी लहानशा क्षेत्रावर काम करून गावाने आपली पात्रता सिद्ध करावयाची, मग पुढचा टप्पा. श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी या अटी ग्रामसभेने मान्य करावयाच्या. परिणाम असा, की जेथे वर्षातून तीन-चार महिनेच शेतमजुरी मिळे, तेथे ती नऊ-दहा महिने मिळू लागली.

हिवरे बाजारची वाट निराळी. १९८९ मध्ये पोपटराव पवार यांच्याकडे गावाचे नेतृत्व आले आणि १९९४ मध्ये गाव राज्य शासनाच्या आदर्श गाव योजनेत गेले. येथे परदेशी पैसा नव्हता; पण श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी येथेही होतीच. शिवाय गावाने एक पाऊल पुढे टाकले. शेतीसाठी कूपनलिका खोदण्यास बंदी केली, उसासारख्या तहानलेल्या पिकाला नकार दिला, आणि पावसाळा संपल्यावर पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याची प्रथा पाडली.

यावरून काय दिसते? तिजोरी जर्मनीची की महाराष्ट्राची, याने फारसा फरक पडला नाही. दोन्ही ठिकाणी गावाने प्रथम स्वतःवर बंधन घातले आणि मगच पैशाला फळ आले. चर आणि बांध पैशाने होतात. पण अडवलेले पाणी पुढे जपून वापरणे हे नियमानेच साधते. हिवरे बाजारचा ताळेबंद मला म्हणूनच अधिक महत्त्वाचा वाटतो. देणारा गेल्यावरही तो गावाजवळ उरतो.

इथवर लिहून मी लेख आजीला वाचून दाखवला. तिने एकच विचारले, "चराईबंदी केली, मग शेळ्यावाल्यांनी काय केलं?" बैल गेल्यावर आमचे घर दोन शेळ्यांवरच तगले होते, हे मी विसरलो होतो.

प्रश्न खरा आहे. दरेवाडीत चराईबंदीला सुरुवातीला विरोध झाला, तो मुख्यतः भूमिहीन आणि जनावरे राखणाऱ्या कुटुंबांचा. बांध जमीनवाल्याच्या रानात, वाढलेले पाणी त्याच्याच विहिरीत. टेकडी मात्र बंद होते ती ज्याचे रानच नाही त्याच्यासाठी. पुढे चारा वाढतो, मजुरी वाढते, हे खरे. पण मधली वर्षे त्याने काढायची कशी? हिवरे बाजारमध्ये टेकडीवरचे गवत कापून नेण्याची मुभा ठेवली गेली. अशी वाट नसेल, तर गावाचा त्याग म्हणजे वस्तुतः गावातल्या सर्वांत गरिबाचा त्याग ठरतो.

तेव्हा दोन राष्ट्रांची असो वा दोन गावांची, मदतीची तुलना करताना तीन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. मदत घेणाऱ्याने स्वतःचे काय दिले? देणारा गेल्यावर काय उरले? आणि जे द्यावे लागले, ते कोणाच्या पदरचे गेले? पहिल्या दोहोंची उत्तरे अहवालांत सापडतात. तिसऱ्यासाठी शेळ्यावाल्याच्या दारात जावे लागते. माझ्या वहीत आता तिसरा रकाना आहे. नेपाळ आणि भूतानसमोर तो अजून कोराच आहे.