नित्याचें एक छायाचित्र

मनुष्याची स्मृति ही सणासुदीची भक्त आहे; रोजच्या दिवसाकडे ती सहसा ढुंकूनहि पाहत नाहीं. लग्नकार्य, बारसें, बक्षीस-समारंभ, सहल यांचीं छायाचित्रें घरोघरीं सांपडतात. परंतु ज्या दिवशीं विशेष असें कांहींच घडलें नाहीं, त्या दिवसाचें चित्र फार थोड्यांच्या संग्रहीं असतें. वस्तुतः आपल्या आयुष्याचे बहुतेक दिवस याच जातीचे असतात. तेव्हां रोज एकच छायाचित्र घ्यावें, तें तारीखवार ठेवावें आणि असा क्रम वर्षभर चालवावा, या साध्या अभ्यासाची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस करून द्यावी, या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

थोडा पूर्वेतिहास

दागेर याची छायाचित्रणाची रीति फ्रान्समध्यें १८३९ सालीं जाहीर झाली. पुढें अवघ्या पंधरा वर्षांत, म्हणजे १८५४ सालीं, मुंबईंत छायाचित्रकारांची एक संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्याशीं संबद्ध होते. १८५५ सालीं एल्फिन्स्टन विद्यालयांत ही कला शिकविण्यास आरंभ झाला. म्हणजे विद्यार्थ्याच्या हातीं कॅमेरा ही गोष्ट आपल्या प्रांतांत आजकालची नव्हे.

विल्यम जॉन्सन या छायाचित्रकारानें मुंबईंतील नाना जातींच्या व पंथांच्या लोकांचीं चित्रें १८६३ व १८६६ या सालीं दोन खंडांत प्रसिद्ध केलीं. तीं चित्रें सुबक आहेत. परंतु त्यांतील माणूस बहुधा ‘अमुक जातीचा नमुना’ म्हणून उभा आहे. त्याचें नांव काय, तो रोज काय करी, त्याच्या घरीं कोण कोण होतें, हें चित्र सांगत नाहीं. परक्यानें एकदां येऊन घेतलेलें चित्र आणि घरच्यानें रोज घेतलेलें चित्र यांत भेद पडतो तो येथेंच.

रोजच्या चित्रणाचें अत्युत्तम उदाहरण आपल्याच एका महाराष्ट्रीयानें घालून दिलें आहे. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं एका कुंडींत वाटाण्याचें बीं रुजत घातलें, कॅमेरा तिच्यासमोर ठेवला, आणि महिन्याहून अधिक काळ ते त्या रोपट्याचें नित्य थोडें थोडें चित्रण करीत राहिले. तें पडद्यावर पाहतांच रोप डोळ्यांदेखत वाढूं लागलें! तें दाखवूनच त्यांनीं पुढील भांडवलाची वाट मोकळी करून घेतली, आणि ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. या खटाटोपाचें मर्म ध्यानांत घ्यावें. कुंडी तीच, कॅमेरा तोच. पालटत होतें तें एक रोप. जें स्थिर असतें त्याच्याच आधारें बदल दिसतो.

परदेशांतील एक उदाहरण याहून गंभीर आहे. न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंगस्टन या गृहस्थानें ३१ मार्च १९७९ पासून दररोज एक पोलरॉइड चित्र घेण्याचा नेम धरला आणि तो २५ ऑक्टोबर १९९७ पर्यंत, म्हणजे साडेअठरा वर्षें, चालविला. त्यांत स्नेही आहेत, जेवणाचीं मेजें आहेत, रस्ते आहेत. शेवटीं दुखणें आहे, आणि त्या दुखण्यांतच झालेला विवाहहि आहे. ज्या दिवशीं त्याला ४१ वर्षें पूर्ण झालीं, त्याच दिवशीं त्याचा अंत झाला व चित्रमाला थांबली. त्यांतील कोणतेंहि एक चित्र वेगळें काढून पाहिलें, तर तें साधेंच वाटेल. ओळीनें पाहिलीं, म्हणजे एक समग्र आयुष्य पुढें उभें राहतें.

सीवूड्सचें वर्ष

आतां आपल्या गांवाकडे वळूं. सीवूड्स हें नांव नवें. परंतु स्थानकाच्या पाटीवर त्याला जोडून दारावे हें जुन्या गांवाचें नांव आहे, आणि जवळच करावे आहे. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गांवांच्या जमिनीवर नवी मुंबई वसविण्याचें काम सुरू झालें. त्यापूर्वीं येथें भातखाचरें, मिठागरें आणि खाडी होती. त्या काळच्या एखाद्या साध्या मंगळवारचें चित्र आज कोणाच्या घरीं असेल, तर त्याचें मोल करतां येणार नाहीं. आपल्या आजच्या मंगळवारालाहि पन्नास वर्षांनीं तेंच मोल येईल.

पूर्वेकडे खिडकी असलेल्या विद्यार्थ्यानें रोज सूर्योदय टिपावा. आपल्या अक्षांशावर सूर्य डिसेंबरांत नेमक्या पूर्वेच्या सुमारें २५ अंश दक्षिणेस उगवतो व जूनमध्यें तितकाच उत्तरेस. म्हणजे सहा महिन्यांत तो पारसिकच्या डोंगरांवरून व इमारतींच्या माथ्यांवरून सुमारें ५० अंशांची वाट चालतो. भूगोलाच्या पुस्तकांतील हा धडा खिडकींत बसून शिकतां येतो.

पश्चिमेकडे राहणारांस खाडी आहे. हिंवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत तेथील पाणथळींत रोहित पक्षी उतरतात. त्यांतील एका तलावांत २०२४ च्या एप्रिलांत कांहीं रोहित मृत आढळले, आणि भरतीचें पाणी आंत येण्याची वाट अडली अशी नागरिकांनीं तक्रार केली. अशा वेळीं ‘पूर्वीं येथें पाणी होतें’ या तोंडच्या शब्दाचें वजन तें काय? पण एकाच काठावरून घेतलेलीं तारीखवार चित्रें पुढें ठेवलीं, तर तीं साक्षीदाराचें काम करितात.

घर आणि घरचीं माणसें

घरच्या चित्रांविषयीं आमचा अनुभव सांगतों. आमच्या मातोश्री रोज सकाळीं ओट्याजवळ उभ्या राहून चहा करीत, आणि तेंच चित्र आम्ही पुष्कळ दिवस घेत असूं. तीन महिन्यांचीं चित्रें ओळीनें मांडलीं, तेव्हां दिसून आलें कीं, पुढच्या पुढच्या चित्रांत त्यांचा डावा हात भिंतीवर टेकलेला आहे. त्यांनीं तक्रारीचा शब्द काढला नव्हता. त्याच आठवड्यांत त्यांस वैद्यांकडे नेलें, आणि ओट्याजवळ एक उंच स्टूल आलें.

आमच्या एका विद्यार्थ्याचे आजोबा करावे गांवीं मासेमारीचीं जाळीं दुरुस्त करीत. त्यानें नऊ दिवस त्यांच्या हातांचें रोज एक चित्र घेतलें; कधीं समोरून, कधीं बाजूनें, कधीं खांद्यावरून. पुढें आजोबांच्या बोटांस कंप सुटला. मुलगा तीं नऊ चित्रें जवळ घेऊन बसे, आजोबा बोट ठेवून ‘आधीं हा फेर, मग हा’ असें सांगत, आणि तो सुई चालवी. घरांत आतां त्याच्या वडिलांस न येणारी गांठ त्याला येते.

अभ्यासाचे नियम

पहिला नियम, रोज एकच चित्र. पूर्वींच्या फिल्मच्या गुंडाळींत बहुधा ३६ चित्रें मावत, म्हणून प्रत्येक कळ दाबण्यापूर्वीं मनुष्य विचार करी. मोबाइलला ही मर्यादा उरली नाहीं. ती आपणच घालून घ्यावी. दिवसाकांठीं एकच निवडावयाचें म्हटलें, म्हणजे दिवसाकडे पाहणें भाग पडतें.

दुसरा, चित्राखालीं दोन ओळी लिहाव्या: कोण, कोठें, काय. मोबाइल तारीख नोंदवितो खरा. परंतु संदेशांतून पाठविलेल्या चित्रांतून ती नोंद पुष्कळदां गळून जाते. आजीचें नांव तर कोणतेंहि यंत्र आपण होऊन लिहीत नाहीं.

तिसरा, प्रवासांत प्रसिद्ध स्थळापेक्षां प्रवासच टिपावा. शिवनेरीचीं चित्रें विपुल आहेत, परंतु एस. टी. च्या बांकावर सोडलेली आपली शिदोरी, सामानावर डोकें ठेवून झोंपलेला धाकटा भाऊ, हातांतलें तिकीट, यांचें चित्र आपण घेतलें नाहीं, तर जगांत दुसरा कोणी घेणार नाहीं.

चौथा, परवानगीवांचून कोणाचेंहि चित्र घेऊं नये. फलाटावर निजलेला मजूर किंवा बाजारांतील मासळीवाली ही आपल्या अभ्यासाची सामग्री नव्हे. ‘मावशी, एक फोटो घेऊं का?’ एवढें विचारण्यास पैसा पडत नाहीं. त्या नको म्हणाल्या, तर त्या दिवशीं टोपलीचें चित्रहि पुरे. घरच्यांनाहि हा हक्क आहे. रडणाऱ्या बहिणीचें चित्र विनोद म्हणून कोणास पाठवूं नये.

पांचवा, चित्रें एकाच ठिकाणीं ठेवूं नयेत. मोबाइल हरवतो, पाण्यांत पडतो. महिन्याच्या अखेरीस सर्व चित्रांची दुसरी प्रत संगणकावर व तिसरी निराळ्या जागीं ठेवावी, आणि दर महिन्यास निदान एक चित्र कागदावर उतरवून घ्यावें.

सहावा, एखादा दिवस चुकला तर मागील तारीख घालून खोटें चित्र भरूं नये. ती जागा रिकामी ठेवावी. आजारपण, परीक्षा, घरांतील दुःख यांमुळें चित्र राहून गेलें, तर रिकामी जागा हीच त्या दिवसाची नोंद होय. या वहीची किंमत तिच्या खरेपणांत आहे.

विद्यार्थिमित्रहो, यास मोठा कॅमेरा लागत नाहीं. घरांत जो मोबाइल असेल तो दिवसांतून दोन मिनिटें मागून घेतला तरी भागतें. आज संध्याकाळीं दिवे लागण्याच्या सुमारास घरांत जें काय चाललें असेल, त्याचेंच पहिलें चित्र घ्या, आणि खालीं तारीख घाला.