आईची रात्रीची गोळी बंद करू का?

प्रश्न : आई ६६ वर्षांची. सतत काळजी, धडधड. दोन वर्षं रात्री अल्प्राझोलाम घेते. आता डॉक्टरांनी एसिटालोप्राम दिलंय. जुनी गोळी थांबवू? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : एकदम मुळीच नको. अल्प्राझोलाम तासाभरात शांत करते, म्हणूनच तिची सवय जडते. अचानक सोडली तर झोप उडते, हात थरथरतात, क्वचित फिटही येते. डॉक्टरांच्या सल्ल्याने डोस हळूहळू, काही आठवडे-महिन्यांत उतरवायचा. या वयात या गोळीमुळे रात्री उठताना तोल जाण्याचीही भीती असते, म्हणून ती सुटायला हवीच.

एसिटालोप्राम, सर्ट्रालीन या गोळ्यांची तशी चटक लागत नाही, पण गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ, क्वचित बेचैनी वाढते. नेमकी तेव्हाच घरचे गोळी बंद करतात, याचं मला फार वाईट वाटतं. थोडा धीर धरा. मात्र आई गोंधळल्यासारखी, फार गळून गेलेली वाटली तर रक्तातलं सोडियम लगेच तपासा. धडधडीसाठी दिलं जाणारं प्रोप्रॅनोलॉल हे औषध फक्त धडधड, थरथर कमी करतं. दमा असेल तर नकोच.

रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६पासून आहे. बाह्यरुग्ण विभागात दाखवायला बिचकू नका, जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या. टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही मोफत आहे.